गच्चीवरची जुनी छत्री पुन्हा कशी जोडायची

कोल्हापुरात कुठल्याही गच्चीवर उभं राहून बघा. पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्या मधे टीव्हीच्या दोन-तीन गंजलेल्या छत्र्या दिसणारच. बॉक्स केव्हाच भंगारात गेलेला असतो, रिचार्ज थांबलेला असतो, छत्री मात्र जागची हललेली नसते. गेल्या वर्षभरात पेठेतले दहा-बारा जण मला विचारून गेले, "मामा, ही काढून टाकू का?" मी प्रत्येकाला एकच सांगतो. काढू नका. पत्रा शाबूत असेल, वाकला नसेल, तर ती छत्री अजून वीस वर्षं काम करेल. तिला फक्त थोडं दुसरीकडं बघायला लावायचंय आणि खाली दूरदर्शनच्या फ्री डिशचा बॉक्स जोडायचाय. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही.

मी हे काम १९९२ पासून करतोय. आधी केबलवाल्याचा पोरगा म्हणून, मग स्वतः फिटर म्हणून. छत्री लावायची कृती चार ओळींत सांगता येते, इंटरनेटवर ती जागोजागी आहे. पण नुसती कृती पाठ केलेला माणूस पहिल्या अडचणीला खाली उतरतो. छत्री कुणाकडं बघते, इतकी लहान का झाली, तिचं तोंड असं तिरकं का, हे ज्याला माहीत असतं तो अडत नाही. म्हणून मी दोन्ही एकत्र सांगणार आहे.

आधी छत्री कुणाची ते ओळखा

टीव्हीचे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका रांगेत असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवतीची फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची गिरकी बरोबर जुळते, म्हणून उपग्रह आपल्याला आकाशात खिळा ठोकल्यासारखा एका जागी वाटतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, तेव्हा आपल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेच्या बाजूला बघतात. पन्हाळ्याकडं किंवा जोतिबाकडं, म्हणजे वायव्येला, तोंड केलेली छत्री दिसली तर ती वाऱ्यानं फिरलेली आहे, एवढं नक्की समजा.

प्रत्येक कंपनीची जागा वेगळी. डिश टीव्हीची जागा ९५ अंश पूर्व रेखांशावर. टाटाची ८३ वर. व्हिडिओकॉन डीटूएचची ८८ वर. एअरटेलची १०८ अंशाच्या जरा पुढं. आणि आपल्याला हवी असलेली फ्री डिश ९३.५ अंशावर, इस्रोच्या जीसॅट-१५ या उपग्रहावर. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून एरियन रॉकेटनं वर गेला. वजन ३,१६४ किलो.

हे अंश गच्चीवर कसे ओळखायचे? मी पोरांना गावांच्या नावांनी शिकवतो. कोल्हापूर शहरातून टाटाची छत्री जवळपास कागलच्या दिशेला बघते. एअरटेलची हुपरीकडं, थोडी आणखी पूर्वेला सरकून. डिश टीव्ही आणि फ्री डिश या दोघी कागल आणि हुपरी यांच्या मधे, जराशा हुपरीकडं झुकलेल्या. होकायंत्रात सांगायचं तर फ्री डिश १२९ अंशावर, डिश टीव्ही १२७ वर, टाटा १५२ वर, एअरटेल ११३ वर. शाहूपुरीत असा नाहीतर राजारामपुरीत, शहरात एवढ्यानं फरक पडत नाही. गडहिंग्लज किंवा चंदगडला अंश-अर्धा अंश बदलेल, आणि गावांच्या खुणा अर्थातच वेगळ्या धराव्या लागतील.

मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. पण लोखंडी पाइपाजवळ किंवा कठड्यातल्या सळ्यांजवळ धरलं तर ते दहा-पंधरा अंशानं सहज फसवतं. गच्चीच्या मध्यावर उभे राहा, दिशा बघा, समोर दूरवरची एखादी खूण धरा, एखादा मोबाइल टॉवर, एखादी चिमणी. मग पाइपाजवळ येऊन त्या खुणेकडं तोंड करा.

सगळ्यात नशीबवान तो, ज्याच्या गच्चीवर डिश टीव्हीची छत्री आहे. त्याला आडव्या दिशेत दोन अंश आणि उभ्या दिशेत सव्वा अंश, एवढंच हलवायचंय. कधीकधी तर न हलवताच बॉक्सवर सिग्नलची थोडी क्वालिटी दिसायला लागते. छत्री भाड्यानं घेतलेली असेल तर मात्र आधी कंपनीला विचारून घ्या.

बारा फुटांची दोन फूट कशी झाली

१९९२ च्या दिवाळीच्या आसपास आमच्या वस्तादांनी मंगळवार पेठेत एका तीन मजली इमारतीवर डिश चढवली. बारा फूट व्यासाची, जाळीची. सांगाडा उद्यमनगरात, आमच्याकडच्या कारखान्यांच्या वस्तीत, अँगल वाकवून, वेल्डिंग करून केलेला. ती पाकळ्या-पाकळ्यांनी वर नेली आणि गच्चीवर जोडली. मी तेव्हा कॉलेजात जायचो, वस्तादांनी मला जिन्यात उभं केलं होतं. चार माणसं डिश फिरवायची, खाली खोलीत एक जण टीव्हीपुढं, आणि मी मधे निरोप्या. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मुंग्या विरळ झाल्या की खालून हाक यायची, "आलं, आलं!" मी ती वर पोचवायचो. तोवर डिश पुढं सरकलेली असायची, आणि खालून "गेलं!" दुपारी तीनला सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. चित्र लागलं तेव्हा खालच्या खोलीत गल्लीतली पस्तीस-चाळीस माणसं दाटीनं उभी होती.

आमची डिश ज्या उपग्रहाकडं बघत होती त्याची गोष्ट मला फार वर्षांनी कळली, आणि कळली तेव्हा मेकॅनिक म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. एशियासॅट-१ हे त्याचं दुसरं नाव. जन्माचं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानानं त्याला अवकाशात सोडलं, पण त्याला वर ढकलणारं इंजिन नीट पेटलं नाही आणि तो खालच्याच कक्षेत निकामी फिरत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यान त्याला आणायला गेलं. अंतराळवीर जो ॲलन आणि डेल गार्डनर यांनी यानाबाहेर जाऊन तो आणि त्याच्यासारखाच अडकलेला आणखी एक उपग्रह असे दोन पकडले, यानाच्या पोटात घातले आणि जमिनीवर परत आणले. त्यावेळचा फोटो आहे, गार्डनर 'विकणे आहे' असा फलक धरून उभे आहेत. पुढं तो खरंच विकला गेला. दुरुस्त झाला, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीनं घेतला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च रॉकेटनं पुन्हा वर गेला. या वेळी नीट, १०५.५ अंश पूर्वेला जाऊन बसला.

उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. बिघडलेलं मशीन फेकायचं नसतं, उघडायचं असतं. आपल्याकडच्या खाजगी टीव्हीची सुरुवात अशा दुरुस्त केलेल्या उपग्रहावर झाली.

१९९१ मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीनं त्याच्यावरून चॅनल सुरू केले. स्टार प्लस तेव्हा इंग्रजी होतं. त्याच्या जोडीला एमटीव्ही, बीबीसी, प्राइम स्पोर्ट्स आणि एक चिनी चॅनल. भारतात हे कुणी बघेल याची त्यांना फारशी अपेक्षा नसावी, पण उपग्रहाच्या दक्षिणेकडच्या झोतात आपण अलगद आलो होतो. हिंदीची जागा रिकामी होती. ती हिसारच्या सुभाषचंद्रांनी हेरली. त्यांच्या एस्सेल समूहाचा एक मोठा धंदा तेव्हा टूथपेस्टच्या ट्यूब बनवायचा होता, मुंबईत एस्सेल वर्ल्डही चालू झालं होतं, टीव्हीचा अनुभव नव्हता. त्यांनी स्टारकडून त्याच उपग्रहावर जागा मिळवली आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झालं. आमची मंगळवार पेठेतली डिश महिन्याभरात चढली ती याच चॅनलसाठी. गल्लीत बीबीसी कुणी मागितलं नाही. मराठीला आणखी वाट बघावी लागली. झीचंच अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला आलं, आणि त्या दिवशी मी पेठेत घरोघरी जाऊन चॅनल ट्यून करून दिलं.

आता छत्रीच्या आकाराचं. एशियासॅट-१ सी बँडवर बोलायचा. त्या लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर, चार बोटं आडवी धरा तेवढी. उपग्रहाची ताकद कमी आणि ती अर्ध्या आशियावर पसरलेली. म्हणून ती गोळा करायला बारा फुटांची परात लागायची. आजच्या लहान छत्र्या केयू बँडवर चालतात, त्याची लहर साधारण पावणेतीन सेंटिमीटरची, एका अंगठ्याच्या रुंदीहून जरा जास्त. उपग्रहही ताकदवान, आणि झोत नेमका भारतावर. त्यामुळे दोन फुटांची छत्री पुरते आणि माणूस ती एका हातानं गच्चीवर नेतो.

ही लहान छत्री कोल्हापुरात पाच-सहा वर्षं आधी आली असती. स्टार कंपनी आयस्कायबी या नावानं घराघरात थेट छत्री द्यायच्या तयारीत होती. पण १९९७ मध्ये सरकारनं या थेट सेवेवर बंदी घातली. परदेशी कंपनीच्या हातात देशातल्या प्रत्येक घराचा टीव्ही थेट जाणार, याची तेव्हा काळजी होती, ती मला आजही समजते. नोव्हेंबर २००० मध्ये सरकारनं बंदी उठवायचा निर्णय घेतला, मार्च २००१ मध्ये नियम जाहीर झाले, आणि मग झीच्याच घरातून डिश टीव्ही निघालं, २ ऑक्टोबर २००३ ला. देशातली पहिली थेट छत्रीची सेवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, झी २ ऑक्टोबर १९९२ चं आणि डिश टीव्हीही २ ऑक्टोबरचंच. आमच्या धंद्यात गांधी जयंतीला सुट्टी कधी मिळालीच नाही.

सुरुवातीला डिश टीव्हीवर स्टारचे चॅनल नव्हते, सोनीचेही नव्हते. शहरात केबलवर ते दिसायचे, म्हणून शहरातलं गिऱ्हाईक मिळेना. मिळालं ते केबलची वायर न पोचलेल्या गावांत. माझ्या पहिल्या छत्र्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इकडच्याच. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, ३३ चॅनल, फुकट. तेव्हा ही सेवाही डिश टीव्हीच्याच उपग्रहावर, ९५ अंशावर, एनएसएस-६ वर होती. पुढं ती इस्रोच्या उपग्रहांवर ९३.५ ला सरकली. तुमच्या जुन्या छत्रीला आज जे दोन अंश हलवायचे आहेत, त्यामागं एवढंच आहे.

मोकळं आकाश शोधा

छत्री आहे त्याच जागी ठेवायची असेल तरी एकदा समोर बघा. दहा-पंधरा वर्षांत समोर इमारत उभी राहिली असेल, झाड वाढलं असेल. फ्री डिश आपल्याकडून सुमारे ६० अंश उंचीवर आहे, म्हणजे चांगलीच वर. दहा फुटांवरची भिंत छत्रीपेक्षा सतरा फूट उंच असली तरच ती आड येते. त्यामुळे इमारतींची काळजी कमी. झाडांची जास्त, कारण झाड डोक्यावर येतं.

बावड्याच्या अलीकडं एका घरी मी जानेवारीत छत्री लावली होती. अंगणातला शेवगा तेव्हा छाटलेला होता. जुलैत निरोप आला, चित्र नाही. मी पावसात मोटारसायकलवरून गेलो तर शेवग्याच्या ओल्या पाल्यानं समोरचं सगळं आकाश झाकलेलं. ओला पाला सिग्नल पिऊन टाकतो. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "शेवगा तोडायचा नाही रं बाबा, पोटाला घालतोय त्यो." बरोबरच होतं त्यांचं. छत्री मी गोठ्याच्या छपराकडं हलवली, चाळीस फूट वायर जास्त लागली. तेव्हापासून मी कुठल्याही ऋतूत गेलो तरी झाडाकडं बघताना ते पावसाळ्यात केवढं होईल याचा अंदाज घेतो.

जागा तपासायची एक खात्रीची रीत सांगतो. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळे बघतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मावळता सूर्य महाद्वारातून थेट देवीपर्यंत येतो, आणि वाटेत एखादी इमारत, एखादा बोर्ड आला तर किरणं अडतात. उपग्रहाचंही असंच आहे. मार्चच्या १३ तारखेच्या आसपासचे तीन-चार दिवस सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत अकराच्या थोडं आधी, कोल्हापुरातून बघताना सूर्य बरोबर फ्री डिशच्या उपग्रहाच्या मागं येतो. त्या वेळी तुमच्या छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. सावली असेल तर जे सावली पाडतंय तेच सिग्नल अडवणार. सूर्याकडं बघायचं नाही, फक्त जमिनीवरची सावली बघायची. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फाटतं किंवा जातं, कारण सूर्य स्वतःच उपग्रहाच्या मागून बडबड करतो. बॉक्स बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. थोड्या वेळानं आपोआप येतं.

पाइप, ओळंबा आणि पाऊण मिलिमीटर

पाइप सरळ उभा असला पाहिजे. बाकी सगळं चुकलं तरी सुधारता येतं, हे चुकलं तर काहीच सुधारत नाही. पाइप एका बाजूला झुकलेला असेल तर तुम्ही छत्री आडवी फिरवताना ती नकळत वर-खालीही होते, आणि उपग्रह कधी वरून कधी खालून निसटतो. २००४ मध्ये शाहूपुरीतल्या एका गच्चीवर मी याच कारणानं तीन तास घालवले. गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला नट बांधा. दोन बाजूंनी, काटकोनात, ओळंबा लावून बघा.

स्लॅबला भोक पाडू नका. आपल्याकडच्या पावसात स्लॅबचं भोक म्हणजे दोन वर्षांत खालच्या खोलीत ओल. कठड्याच्या उभ्या भिंतीवर फास्टनर मारून पाइप धरा, किंवा लोखंडी स्टँड करून त्यावर दगडी फरश्यांचं वजन ठेवा. जुना पाइप तळाशी गंजला असेल तर बदलाच. छत्रीत वारा शिडासारखा भरतो.

आता छत्रीच्या मागचा पाइपाभोवतीचा क्लॅम्प जवळून बघा. पाइप दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा. त्याचा घेर बारा सेंटिमीटर भरतो. घेराचे ३६० भाग केले तर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. डिश टीव्हीवरून फ्री डिशवर जायला क्लॅम्प पाइपावर जेवढा सरकवायचा ते अंतर पाऊण मिलिमीटरही नाही. नखाच्या जाडीएवढं. म्हणून नट पूर्ण सोडायचे नाहीत. छत्री हातानं ढकलली तर जेमतेम सरकेल, सोडली तर जागेवर राहील, इतपतच ढिले करायचे. हलवायच्या आधी पेन्सिलीनं क्लॅम्प आणि पाइप या दोन्हींवर एक खूण करून घ्या, म्हणजे परत यायला जागा राहते. दिशा कुठली? डिश टीव्हीवरून फ्री डिशकडं जाताना छत्री किंचित दक्षिणेला, कागलच्या बाजूला फिरते आणि किंचित वर उठते.

उंचीबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो. ६० अंश म्हटल्यावर माणूस छत्रीचा पत्रा ६० अंश वर करायला जातो. या छत्र्या ऑफसेट असतात. एलएनबी, म्हणजे पत्र्यानं गोळा केलेला सिग्नल झेलणारा छोटा डबा, मधोमध नसून खालच्या दांड्यावर असतो, आणि पत्रा जिथं बघतोय असं वाटतं त्याच्यापेक्षा छत्री प्रत्यक्षात वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून नीट लागलेली फ्री डिश दिसायला बरीच उभी दिसते. मागच्या पट्टीवर अंशांचे आकडे कोरलेले असतील तर त्यांत हा फरक आधीच धरलेला असतो, तिथं ६० लावून सुरुवात करा.

एलएनबी, वायर आणि बॉक्स

डिश टीव्हीची छत्री असेल तर एलएनबीचा तिरपेपणा जवळपास तसाच ठेवायचा, फरक दोन अंशाचा आहे. टाटाच्या छत्रीवर मात्र तो आणखी वीस अंश फिरवावा लागतो. छत्रीच्या मागं, उपग्रहाकडं तोंड करून उभे राहा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनं फिरवा. कोल्हापुरातून हिशेबानं हा तिरपेपणा ४८ अंशांच्या आसपास येतो, पण शेवटचा निकाल बॉक्सवरची क्वालिटी देते. दुसऱ्या कंपनीचा एलएनबी चालेल की नाही अशी शंका असली तर नवा युनिव्हर्सल एलएनबी घ्या, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये ९७५०/१०६०० निवडा. जुन्या एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकलेली असेल तरीही बदला. आत पाणी आणि मुंग्या शिरलेल्या असतात. या मुंग्या खऱ्या.

वायर आरजी-६. जुनी वायर असेल तर दोन्ही टोकांकडची वीतभर कापून टाका, तिथलं तांबं काळं पडलेलं असतं. कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागता कामा नये. वायरीतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पाठवतो, त्यामुळे शॉर्ट झाला तर बॉक्स जातो. वायर जोडताना बॉक्सचा प्लग काढलेलाच हवा. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबणारा एक वळसा द्या, पावसाचं पाणी वळशाच्या तळाला जाऊन टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

मग बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथं दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडं बघून कित्येक जण फसतात. छत्री भलतीकडं असली तरी नुसता एलएनबी जोडल्यावर स्ट्रेंथ बरीच दिसते. ती एवढंच सांगते की वायर जोडली आहे. आपल्याला बघायचीय क्वालिटी.

१९९२ मध्ये मुंग्या आम्हाला वाट दाखवायच्या. विरळ झाल्या की कळायचं, जवळ आलोय. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. निळा पडदा, निळा पडदा, आणि एकदम चित्र. शिवाय बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. छत्री सलग फिरवत राहिलात तर उपग्रहावरून जाऊनही बॉक्सला पत्ता लागणार नाही. म्हणून हलवायचं केसभर आणि थांबायचं, मनात पाच आकडे मोजायचे, मग पुन्हा केसभर. खालच्या माणसाशी व्हिडिओ कॉल लावा आणि मोबाइल टीव्हीपुढं धरायला सांगा. जिन्यात उभं राहून ओरडायचा काळ गेला.

क्वालिटी दिसली की लगेच नट आवळू नका. आधी डावीकडं नेऊन ती कुठं मावळते बघा, मग उजवीकडं कुठं मावळते बघा, आणि त्या दोन जागांच्या मधोमध या. तसंच वर-खाली. मग एलएनबी थोडा-थोडा फिरवून बघा, बऱ्याचदा पाच-सात टक्के वाढतात. हे अर्धा तास घेईल, घेऊ द्या. कारण उन्हाळ्यात काठावर लागलेली छत्री जूनमध्ये पहिल्या सरीला चित्र सोडते. केयू बँडच्या लहान लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, सी बँडच्या एवढ्या विरत नाहीत. आमची बारा फुटी डिश मुसळधार पावसातही चालायची. दोन फुटी छत्रीला तेवढं जमत नाही, आणि गगनबावड्यासारख्या ठिकाणी जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणारच. जागा बरोबर धरली असेल तर सर ओसरली की चित्र स्वतःहून परत येतं. तासभर आलं नाही तर छत्री हललेली आहे. पाऊस चालू असताना गच्चीवर चढू नका. वीज चमकत असेल तर बॉक्सचा प्लग आणि वायर दोन्ही काढून ठेवा.

नट आवळताना एकाच बाजूचा आधी पूर्ण आवळायचा नाही. हा थोडा, तो थोडा, आणि प्रत्येक वळशाला क्वालिटी बघत राहायची. आवळण्यानंच छत्री अर्धा अंश सरकते. सगळं घट्ट झालं की चॅनल स्कॅन करून घ्या. मग ऑइल पेंटची बारीक डबी आणि काडी घेऊन पुन्हा वर जा. क्लॅम्पवरून पाइपावर उतरणारी एक रेघ ओढा, उंचीच्या पट्टीवर एक आणि एलएनबीच्या मानेवर एक. छत्रीच्या पाठीवर तारीख आणि आज मिळालेली क्वालिटी लिहा.